मराठवाड्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न: कला, विज्ञान आणि लोकजीवनातल्या कुतूहलाच्या गोष्टी

शाळेत प्रश्नमंजूषा घेणारे शिक्षक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायला नेणारी घरची मंडळी यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मोबाईलवर फिरणारी उत्तरं बऱ्याचदा अर्धीच असतात. म्हणून जिथे शक्य आहे तिथे जागेवर उभं राहून काय बघायचं, हेही सांगितलं आहे.

अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर काढलेली आहेत का?

नाहीत. खरं भित्तिचित्र, म्हणजे फ्रेस्को, चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंगवतात. चुना वाळताना रंग त्यात कायमचा धरला जातो. अजिंठ्याची पद्धत वेगळी आहे. कातळाची भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली, म्हणजे गिलावा धरून राहतो. तिच्यावर माती, बारीक वाळू, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून पहिला थर दिला. त्यावर जास्त बारीक मातीचा पातळ थर आणि वरून चुन्याचा हात. हे सगळं वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग चढवले. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, तो पृष्ठभागावर बसलेला आहे. बोट लावू नका असं तिथे सारखं बजावतात, त्याचं कारण हेच.

रंग बहुतेक याच भागातले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुन्यासारखे पांढरे. निळा मात्र लाजवर्द दगड कुटून केलेला, आणि तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्यापारी वाटांनी इथवर आलेला. निळा जुन्या लेण्यांपेक्षा पाचव्या शतकातल्या लेण्यांत जास्त दिसतो. तो पाहायचा तर लेणे १, २ आणि १७ मध्ये निवांत थांबा. आत शिरल्याबरोबर काहीच दिसत नाही असं वाटतं. डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं द्या. फ्लॅश वापरायला मनाई आहे.

मग ही चित्रं खराब कशामुळे झाली?

कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत अडकलेली आहेत. पावसाळ्यात कातळाच्या भेगांतून पाणी झिरपतं आणि मातीचा गिलावा भिंतीपासून सुटतो. गिलाव्यातले वनस्पतीचे तंतू आणि तूस हे किड्यांचं खाणं, त्यामुळे थर आतून पोकळ होतो. वटवाघळांची घाण आहेच. गर्दीच्या दिवशी माणसांच्या श्वासाने आतली दमट हवा वाढते.

यात माणसाने केलेल्या उपायाचीही भर पडली. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा जागेवर बसवला, आणि ते काम खरोखर मोलाचं होतं. पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढवलं. रोगण जुनं झालं की पिवळं-तपकिरी पडतं आणि आकसतं, आकसताना खालचा रंग ओढतं. आज काही चित्रं पिवळसर धुक्यातून पाहिल्यासारखी दिसतात ती यामुळे. पुरातत्त्व खात्याने पुढे हे थर हळूहळू काढायला घेतले. काही भिंतींवर साफ केलेला आणि न केलेला भाग शेजारी शेजारी दिसतो.

वेरूळच्या गिलाव्यात भांग होती, हे खरं का?

खरं आहे, फक्त बातमीत तिचा अर्थ भलताच रंगवला गेला. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचा शोधनिबंध आला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले, अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. भांगेच्या तंतूंमुळे गिलावा घट्ट धरला जातो आणि कीड कमी लागते. अजिंठ्यात किडीने जे नुकसान केलं तसं वेरूळला कमी दिसतं, त्याचं हे एक कारण असावं असं त्या अभ्यासात मांडलं आहे. नशेचा इथे काही संबंध नाही. हे बांधकामाचं साहित्य होतं.

अजिंठ्याच्या लेण्यांचे क्रमांक बांधल्याच्या क्रमाने आहेत का?

नाहीत. वाघूर नदीच्या वळणावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जशी लागतील तसे ते दिले आहेत. सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी एक म्हणजे १० क्रमांकाचं, इसवी सनापूर्वीचं. १ क्रमांकाचं त्यापेक्षा निदान पाचशे वर्षांनी अलीकडचं.

याच दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी चित्रावर आपलं नाव कोरलं. ते आज डोक्याच्या बऱ्याच वर दिसतं. तो उंच नव्हता, तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचला होता आणि तो त्यावर उभा होता.

कैलास लेणं वरून खाली कोरलं म्हणजे नेमकं कसं?

‘आधी कळस मग पाया’ हे वाक्य भाषणात टाळी घेतं, पण काम त्याच्या थोडं आधी सुरू होतं. पहिल्यांदा डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खोल चर खणले: दोन बाजूंना आणि एक मागे. त्यामुळे मधे कातळाचा एक प्रचंड ठोकळा सुटा उभा राहिला. मग त्या ठोकळ्याला वरून आकार देत खाली उतरत गेले. न फोडलेला कातळच कारागिरांच्या पायाखालची जमीन, म्हणून परांचीची गरज नाही. शिखराची बारीक नक्षी पुरी करूनच खाली सरकायचं, कारण नंतर तिथवर हात पोचणार नाही.

खड्ड्याचं माप साधारण ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद, आणि मागच्या बाजूला सुमारे ३३ मीटर खोल. किती लाख टन दगड काढला आणि किती वर्षं लागली, याचे जे आकडे फिरतात ते सगळे आकारमानावरून बांधलेले अंदाज आहेत. कोणत्याही ताम्रपटात टन लिहिलेले नाहीत.

लिहिलेलं आहे ते वेगळंच, आणि आमच्या मते या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं. नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्काचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात राजा कृष्णाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या डोंगरावर बांधवलेल्या देवळाचं वर्णन आहे. ते पाहून विमानातून जाणारे देव थक्क झाले, आणि ज्याने ते केलं त्या शिल्पकारालाच ‘हे मी केलं तरी कसं’ असा अचंबा वाटला, असा त्याचा आशय. हा कृष्ण म्हणजे राष्ट्रकूट पहिला कृष्ण, आठव्या शतकातला.

पद्धत डोळ्यांनी पाहायची असेल तर अपुरी लेणी बघा. अजिंठ्याचं २४ वं लेणं अर्धवट राहिलं. तिथे काम छतापासून खाली आलेलं, आणि खालचे खांब नुसते चौकोनी ठोकळे. कैलासाला तर देवळाच्या बाजूने डोंगरावर जाणाऱ्या वाटेने चढून वरून एकदा पाहाच. पावसाळ्यात तो दगड निसरडा असतो आणि काठ सरळ तुटलेला आहे, मुलांचा हात धरून ठेवा.

कैलास लेणं नोटेवर आहे का?

हो. २०१९ मध्ये आलेल्या हिरवट-पिवळ्या २० रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला वेरूळचं चित्र आहे.

बीबी का मकबरा आझम शहाने बांधला ना?

गाईड बहुधा असंच सांगतात: मुलाने आईसाठी बांधला. तारखा जुळवून पाहा. आझमची आई, म्हणजे औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम, १६५७ मध्ये वारली. मकबऱ्याचं काम १६६० च्या सुमारास झालं. आझम शहाचा जन्म १६५३ चा, म्हणजे तेव्हा तो सात-आठ वर्षांचा पोर. बांधकाम औरंगजेबाच्या काळातलं आणि त्याच्याच हुकमाचं. आझमचा हात लागलाच असेल तर तो पुढच्या दुरुस्तीत.

दरवाजावरच्या लेखात दोन नावं आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. याच अताउल्लाने भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चं फारसीत भाषांतर केलं आणि ते शहाजहानला अर्पण केलं, १६३४-३५ च्या सुमारास. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न विचारून बघा, सभागृह गप्प होतं.

मकबरा पूर्ण संगमरवरी का नाही?

खर्च मर्यादित होता. एका जुन्या नोंदीत ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे असा आकडा येतो. संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यापर्यंत आणि घुमटाला. मधला भाग काळ्या दगडाचा, वरून चकचकीत चुन्याचा गिलावा. जवळ जाऊन भिंतीवरून नजर वर न्या: दगडाचे सांधे जिथे संपतात आणि सपाट पांढरा पृष्ठभाग सुरू होतो, तिथे संगमरवर संपला. पावसानंतर गिलाव्यावर काळे ओघळ पडलेले दिसतात, संगमरवरावर ते तितके धरत नाहीत.

पाणचक्कीत वीज नाही, पंप नाही, मग पाणी वर चढतं कसं?

पाणी वर चढत नाही, आपल्या मूळ उंचीकडे परत येतं. झरा छत्रपती संभाजीनगर शहराबाहेरच्या डोंगरात, पाणचक्की ज्या दर्ग्याच्या आवारात आहे त्यापेक्षा उंचावर. तिथून मातीच्या नळांनी पाणी बंद वाटेने आणलं. बंद नळातलं पाणी मधल्या सखल भागातून गेलं तरी उगमाच्या पातळीच्या जवळपास चढू शकतं. आवारातल्या उंच भिंतीवरून ते हौदात पडतं. पिठाच्या जात्यासाठी लागणारं पाणी खालच्या खोलीतल्या आडव्या पात्यांच्या चाकावर सोडतात. त्या चाकाचा उभा दांडा जमिनीतून आणि खालच्या स्थिर तळीतून वर येऊन वरची तळी फिरवतो. दातेरी चाकं कुठेच नाहीत, म्हणून बिघडायला फारसं काही नाही. बिघडतो तो नळ: गाळ साचला किंवा मातीचा सांधा फुटला की दाब जातो आणि जातं थांबतं.

हातमागावरची पैठणी ओळखायची कशी?

दुकानात गेल्यावर पदर उलटा करा. सगळं उत्तर उलट्या बाजूला आहे.

खऱ्या पैठणीत पदरावरचा मोर किंवा मुनिया वेगळ्या धाग्याने वरून भरलेला नसतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, रंगारंगाच्या तुकड्यांत विणतात. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली. एक रंग संपतो तिथे तो शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवायचा. त्यामुळे उलट बाजूलाही तीच नक्षी, तितकीच स्वच्छ दिसते. फार तर धाग्यांची टोकं दिसतील. यंत्रमागाच्या साडीत मागे लांब लांब सुटे धागे लोंबतात, किंवा ते कापून टाकल्याने कुरतडल्यासारखा पोत लागतो. काही ठिकाणी ते झाकायला जाळी लावतात. बोटात अंगठी घालून मागच्या बाजूवरून हात फिरवा, सुटे धागे लगेच अडकतात.

दुसरी खूण काठाची. हातमागावर काठ आणि अंग यांचा सांधा जवळून पाहिला की धागे एकमेकांत अडकवलेले दिसतात, आणि नक्षीत बारीकसा कमी-जास्तपणा असतो. शंभर मोर अगदी एकसारखे दिसले तर शंका घ्या.

तिसरी, रेशमाची. विक्रेत्याच्या परवानगीने कडेचा एखादा सुटा धागा घेऊन जाळा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

जर मात्र घरी तपासता येत नाही. चांदीच्या तारेची जर आणि तांब्याच्या तारेची ‘टेस्टेड’ जर नवी असताना सारखीच झळकते. म्हणून पावतीवर जर कोणती हे लिहून घ्या. भौगोलिक मानांकनही पाहा. सध्या विणकामाचा मोठा पसारा पैठणपेक्षा येवल्याला आहे, आणि येवलं नाशिक जिल्ह्यात. तिथली पैठणी खोटी नसते, मानांकन दोन्हीकडच्या विणकामाला लागू आहे.

ठेवताना सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि जर काळी पडते. अत्तर थेट साडीवर मारू नका, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. चार-सहा महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या ठिकाणी घाला. जुन्या पैठण्या चिरतात त्या बहुतेक एकाच घडीच्या रेषेवर.

पाँपेईत सापडलेली हस्तिदंती बाहुली तेरहून गेली होती का?

इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. १९३८ मध्ये तिथल्या उत्खननात हस्तिदंताची साधारण वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे तिचं रूढ नाव, पण तिच्या अंगावर लक्ष्मीची कोणतीही खूण नाही. डोक्यावरून खाली गेलेलं भोक आहे, त्यामुळे ती एखाद्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असं मानतात. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या. म्हणून ती दख्खनमधून गेली असा तर्क बळकट आहे, पण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर असल्याने वायव्येकडचाही धागा सोडता येत नाही. ‘तेरचीच’ असं छातीठोक म्हणू नये. ‘तेरच्या मूर्तीची सख्खी बहीण’ म्हणायला हरकत नाही.

व्यापाराचा पुरावा पक्का आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दोन बाजारपेठा येतात: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे तेर. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नये. विटांचं त्रिविक्रम मंदिरही पाहा, त्याची मागची बाजू चैत्यासारखी अर्धगोल आहे.

हिंगोलीजवळच्या लायगोमध्ये नेमकं काय मोजणार?

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ही वेधशाळा उभी राहत आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची पूर्ण मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये.

आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं, आणि ती लाट, म्हणजे गुरुत्वीय लहर, प्रकाशाच्या वेगाने पसरते. ती पकडायला काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर. एक लेझर किरण दोन भागांत फोडून दोन्ही नळ्यांत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून शेकडो वेळा ये-जा करवायची आणि परत जुळवायचा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर दोन्ही किरण एकमेकांना पुसून टाकतात. लाट गेली की एक बाजू क्षणभर लांब, दुसरी आखूड होते आणि थोडा प्रकाश उरतो. मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका.

म्हणूनच जागा निवांत लागते. दूरवरून जाणारी मालगाडी, जड ट्रकांची वर्दळ, समुद्राच्या लाटांचा धक्कासुद्धा यंत्राला जाणवतो. सुमारे ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक धाग्यांवर, चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात. नळ्यांत जवळजवळ पूर्ण निर्वात.

एक गंमत सहसा कुणी सांगत नाही. ४ किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई सव्वा मीटरच्या आसपास भरते, किरण मात्र सरळ जातो. त्यामुळे जमीन ‘लेव्हल’ करून भागत नाही, नळीखालचा पाया गोलाईचा हिशेब धरून ओतावा लागतो.

अमेरिकेत अशी दोन यंत्रं आहेत, इटलीत आणि जपानमध्ये एकेक. लांबवर आणखी एक असलं की लाट कुठे आधी पोचली आणि कुठे नंतर, यावरून तिची दिशा जास्त नेमकी सांगता येते.

किल्लारीला भूकंप झाला, मग मराठवाडा ‘स्थिर’ कसा?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२. हा भाग भूपट्टांच्या कडेवर नाही, त्यामुळे इथे मोठे भूकंप विरळा. पण पट्टाच्या आतही जुन्या कमकुवत जागांवर ताण साचतो आणि कधीतरी सुटतो. स्थिर म्हणजे अभेद्य नव्हे.

जीवितहानी दहा हजारांच्या घरात गेली त्याची कारणं घरांत होती. भूकंपाचं केंद्र उथळ, गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले, आणि माळवदाची घरं: दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड छत. अशा भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, मधे खडी-माती. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड नसले की धक्क्याने पदर सुटतात आणि छत सरळ खाली येतं. जुनं माळवद अजून वापरात असेल तर वरचा मातीचा थर दरवर्षी वाढवत जाऊ नका, आणि फुगलेल्या भिंतीवर नुसता गिलावा मारून ती झाकू नका.

जायकवाडी शून्य टक्के झालं म्हणजे कोरडं पडलं का?

नाही. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला ७३८ मृतसाठा (कालव्यात सोडता न येणारं तळाचं पाणी), म्हणजे सुमारे २६ टीएमसी (अब्ज घनफूट). उरलेले २,१७१ हे शंभर टक्के. एकूण साठ्यातून ७३८ वजा करा, २,१७१ ने भागा, शंभरने गुणा. एकूण १,५०० असेल तर ३५ टक्के. आकडा उणे दिसला तर मृतसाठ्यातून उचल चालू आहे असं समजा.

विसर्गाचं गणितही सोपं आहे: १ लाख क्युसेकने (सेकंदाला १ लाख घनफूट) २४ तास पाणी आलं तर ८.६४ टीएमसी. आणि धरण पैठणला असून नाव जायकवाडी, कारण मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती.

लातूरच्या पाण्याच्या रेल्वेने किती पाणी आलं?

पहिली गाडी मिरजेहून १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली: १० टँकर डबे, ५ लाख लिटर. पुढे ५० डब्यांची गाडी धावू लागली, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. तुलना करायची तर १ टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर, त्यासाठी अशा अकरा हजारांहून जास्त खेपा लागतील. रेल्वेने शहराची तहान भागली, शेतीला पाणी देणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

संत नामदेवांची पदं शीख धर्मग्रंथात किती आहेत?

६१. नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यात, आणि ज्या नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं ते शेजारच्या जिल्ह्यात.

‘ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़’ ही गझल कुणाची?

सिराज औरंगाबादी यांची, अठराव्या शतकातली. पाकिस्तानी कव्वालांमुळे ती घरोघरी पोचली, कवी मात्र आपल्याच शहरातला.

‘हाली’ रुपया म्हणजे काय?

निजामाच्या राज्यातलं स्वतंत्र चलन. ७ हाली रुपये म्हणजे ६ इंग्रजी रुपये. नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीही असे. जुन्या खरेदीखतात किंवा सावकारी चोपडीत रक्कम वाचताना ती हाली की कलदार (इंग्रजी) हे आधी पाहा, नाहीतर हिशेब सातास सहा या प्रमाणात चुकतो.

लोणार मराठवाड्यात येतं का?

नाही, बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. जालन्याहून जवळ असल्याने गल्लत होते.

कोणत्या दिवशी काय बंद असतं?

अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. दोन्ही पाहायचं तर बुधवार ते रविवार यांतले दोन दिवस धरा. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून ठेवा.